घरी अखेरची शुश्रूषा: इंदूरच्या मराठी कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टर म्हणाले, "आता आमच्या हातात काही नाही, घरी घेऊन जा." मग हॉस्पिसवाले येऊन काय करणार?

त्या वाक्याचा खरा अर्थ एवढाच की आजार मुळापासून बरा करणारं औषध उरलेलं नाही. दुखणं थांबवता येतं. मळमळ, धाप, बद्धकोष्ठ, जखमेचा वास, रात्रीची तगमग या प्रत्येकावर इलाज असतो. कूस कशी बदलायची, नळीतून कसं भरवायचं, रात्री दोन वाजता दुखू लागलं तर कोणती गोळी द्यायची, हे घरच्यांना शिकवता येतं. हेच हॉस्पिसचं काम. ते घरी येऊन होतं, किंवा त्रास आटोक्यात येईपर्यंत काही दिवस दाखल करून.

पॅलिएटिव्ह केअर आणि हॉस्पिस हे शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात. पॅलिएटिव्ह केअर केमो किंवा डायलिसिस चालू असतानाही घेता येते. हॉस्पिस हा तिचा शेवटचा टप्पा, जेव्हा आजाराशी लढणारे उपचार थांबवलेले असतात. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात १९६७ साली लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी केली. भारतातलं पहिलं हॉस्पिस १९८६ साली मुंबईत, वांद्र्याला सुरू झालेलं शांती आवेदना सदन.

बोलवायचं कधी?

लोक बोलवतात त्याच्या बऱ्याच आधी. शेवटच्या तीन दिवसांत हॉस्पिसची टीम आली तर दुखण्याचा डोस बसवायलाच वेळ पुरत नाही, आणि तोवर पाठीला जखम झालेली असते.

पेशंट दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ पडून असेल, काही महिन्यांत तिसऱ्यांदा ॲडमिट करावं लागलं असेल, खाऊनही वजन उतरत असेल, तर फोन करा. हे फक्त कॅन्सरसाठी नाही. हृदय थकलेलं आहे, फुप्फुसाच्या आजाराने दोन पावलांवर धाप लागते, डायलिसिस थांबवायचं ठरलं आहे, पार्किन्सन वाढला आहे, या सगळ्यांना त्याचा उपयोग होतो. स्मृतिभ्रंशात खुणा वेगळ्या असतात: चालणं बंद होतं, बोलणं चार-पाच शब्दांवर येतं, घास गिळताना ठसका लागतो.

टीम आली म्हणून जुन्या डॉक्टरांशी संबंध तुटत नाही. पेशंट सुधारला तर हॉस्पिस थांबवताही येतं.

बाबांना त्यांच्या आजाराचं सांगितलेलं नाही. तुम्ही सांगून टाकाल का?

घरच्यांशी बोलल्याशिवाय नाही, आणि पेशंटला नको असेल तर मुळीच नाही. पण ज्याच्या अंगात आजार आहे त्याला बहुतेक वेळा कळलेलं असतं. तो घरच्यांना जपत गप्प असतो आणि घरचे त्याला जपत गप्प असतात. मग एफडीचे कागद, धाकट्या मुलीशी धरलेला अबोला, "मला दवाखान्यात नेऊ नका" हे वाक्य, सगळं मनातच राहतं.

"मी बरा होईन ना?" असं त्यांनी विचारलं तर "होणार ना!" म्हणून विषय बदलू नका. "तुम्हाला काय वाटतंय?" असं विचारा आणि थांबा. त्यानंतर ते जे बोलतील त्यावरून त्यांना किती कळून घ्यायचं आहे हे समजतं. एकाच बैठकीत सगळं सांगायची गरज नसते.

दुखतंय हे डॉक्टरांना नेमकं कसं सांगायचं?

मराठीत दुखण्याला जितके शब्द आहेत तितके डॉक्टरांना हवेच असतात. "खूप दुखतंय" याने काही कळत नाही. ठणका आहे का? आग होते, मुंग्या येतात, शॉक बसल्यासारखं होतं? ते नसेचं दुखणं, त्याला गॅबापेंटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिनसारखी वेगळी औषधं लागतात, नुसत्या मॉर्फिनने ते पुरतं शमत नाही. पोटात पीळ पडून कळ येते आणि ओसरते? ते आतड्याचं. पडून असताना बरं, पण कूस बदलली की जीव जातो? हाडाचं असू शकतं, आणि त्यावर रेडिएशनची एखाद-दुसरी बैठकही मोठा आराम देते.

एक वही करा. वेळ, शून्य ते दहात किती दुखलं, कोणतं औषध दिलं, तासाभराने किती उरलं. दोन दिवसांच्या चार ओळी असल्या तरी डोस ठरवायला बळ येतं.

पेशंट बोलत नसेल तर चेहरा पाहा: भुवया आक्रसलेल्या, दात आवळलेले, स्पंज करताना हात झटकणं, सारखं कण्हणं.

भान हरपायला लागलं की माणूस बरेचदा शेवटी शिकलेली भाषा आधी विसरतो. चाळीस वर्षं इंदूरच्या बँकेत अस्खलित हिंदी बोललेल्या आजी अखेरीस फक्त मराठीतच बोलतात, आणि रात्रपाळीच्या आयाला त्यातलं काही कळत नाही. पलंगाशी भिंतीवर एक कागद लावा, मराठी शब्द देवनागरीत आणि समोर हिंदी: दुखतंय, तहान लागली, कूस बदल, लघवीला लागली, गार वाजतंय, उकडतंय. "गार वाजतंय" म्हणजे "कुछ बज रहा है" असं समजून खोलीभर आवाज शोधला जातो, आणि पांघरूण मात्र कोणी घालत नाही.

मॉर्फिन म्हणजे अफूच ना? सवय लागेल, लवकर जातील, अशी भीती वाटते.

हो, मॉर्फिन अफूपासूनच बनतं. ती अफू आपल्याच माळव्यात, मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्यावर पिकते, आणि नीमचला अफूपासून औषधी घटक काढणारा सरकारचा अल्कलॉइड कारखाना आहे. इतक्या जवळचं औषध इथल्या पेशंटपर्यंत भीतीपोटी पोहोचू नये, याचं वाईट वाटतं.

दुखण्यासाठी, डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागणं विरळा. आजार वाढला की डोस वाढतो, त्याला व्यसन म्हणत नाहीत. योग्य डोसने माणूस लवकर जात नाही. उलट दुखणं थांबलं की झोप लागते आणि दोन घास जातात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली सांगितलेला क्रम आजही पायाभूत मानतात: आधी पॅरासिटामॉलसारखी औषधं, मग ट्रॅमाडॉलसारखी, मग मॉर्फिन. दुखणं तीव्र असेल तर थेट मॉर्फिनवर जातात. गोळीचा असर साधारण चार तास राहतो, म्हणून ती चार-चार तासांनी देतात. सुरुवात बहुधा ५ मिग्रॅने होते, म्हाताऱ्या किंवा किडनी कमजोर असलेल्या पेशंटला २.५ ने. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री १० चा डोस डॉक्टर अनेकदा दुप्पट लिहून देतात, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. गोळी घड्याळावर द्यायची, दुखायची वाट पाहायची नाही. इथेच सगळ्यात जास्त चूक होते: "आत्ता बरं आहे, राहू दे" म्हणून दहाची गोळी चुकते, बाराला ठणका सुरू होतो आणि तो आटोक्यात आणायला दुपार उलटते. मधेच दुखलं तर जादा डोस असतो, दिवसभराच्या एकूण मॉर्फिनच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका. दिवसाला ६० मिग्रॅ चालू असेल तर १०. नेमका आकडा डॉक्टरच लिहून देतील. तो वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात उतरवून ठेवा.

पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, काहींना आठवडाभर मळमळते. दोन्ही ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र मॉर्फिन चालू असेपर्यंत सोबत राहतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीसोबतच सुरू करायचं. इसबगोल देऊ नका. त्याला भरपूर पाणी लागतं, आणि कमी पाणी पिणाऱ्या माणसाच्या आतड्यात त्याचा गोळा बसतो.

हाक मारूनही जाग येत नाही, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली गेला, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, असं दिसलं तर पुढची गोळी थांबवून लगेच फोन करा. झोपेत हातपाय झटके देऊ लागले तर किडनीतून औषध पुरेसं बाहेर जात नसावं. तेही त्याच दिवशी कळवा. आणि स्वतःच्या मनाने औषध एकदम बंद करू नका.

गोळीऐवजी फेंटॅनिलचा पॅच चालेल का?

गिळता येत नसेल आणि दुखणं स्थिर असेल तर चालतो. एक पॅच ७२ तास राहतो, पण पहिला असर पुरता यायला १२ ते २४ तास लागतात, तोवर आधीचं औषध चालू ठेवावं लागतं. पॅच कापायचा नाही. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, आणि मे महिन्यात पेशंटला गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत झोपवायचं नाही. उष्णतेने औषध भराभर अंगात उतरतं. ताप आला तरी हेच होतं.

मॉर्फिन दवा बाजारात का मिळत नाही?

ते अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एनडीपीएस कायद्याखाली येतं. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन अशी सहा औषधं "अत्यावश्यक" ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवायची वाट सोपी झाली. त्यामुळे मॉर्फिन बहुधा अशा संस्थेच्या औषधालयातून, पेशंटच्या कागदांवर मिळतं. गोळ्या कुलपात ठेवा आणि मोजून ठेवा. संपायच्या चार-पाच दिवस आधी कळवा, दिवाळीच्या सुट्टीत तर आठवडाभर आधी.

त्याऐवजी गल्लीतल्या दवाखान्यातून रोज डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेणं हा वाईट उपाय आहे. किडनी आणि जठर दोन्ही बिघडतात.

पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं?

दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी सारून साधारण ३० अंश कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी घाला, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. वर सरकवताना ओढू नका. जुन्या लुगड्याची दुहेरी घडी पाठीपासून मांड्यांपर्यंत अंथरा, दोघांनी चार टोकं धरा आणि उचलून ठेवा. ओढल्याने कातडी आतून फाटते आणि वरून दोन दिवस काही दिसत नाही.

रोज स्पंज करताना माकडहाड, नितंबाच्या बाजू, टाचा, कानाची पाळी पाहा. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोडा. पांढरं पडून परत लाल झालं तर वेळ आहे. लालच राहिलं तर जखम सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे तो भाग गरम किंवा कडक लागतो का ते हाताने पाहा. त्या जागी चोळू नका, स्पिरिट लावू नका, आणि खाली टायरसारखी गोल रिंगही नको. तिच्या कडांनी रक्तपुरवठा आणखी तुटतो.

हवेची गादी भाड्याने मिळते. ती नीट भरली आहे का हे असं पाहा: पेशंटच्या माकडहाडाखाली, गादीच्या खालून तळहात सरकवा. हाताला हाड टेकलं तर हवा कमी आहे, इंचभर अंतर हवं. गादीवर गोधडी आणि वर रबरशीट घातलं की गादी असून नसल्यासारखी. एक सुती चादर पुरे. आणि हवेच्या गादीवरही कूस बदलावीच लागते.

मोठ्यांचे डायपर आणि ड्रेसिंग नगर निगमच्या कचरागाडीत सॅनिटरीच्या वेगळ्या डब्यात जातात, कागदात गुंडाळून द्या. सुया मात्र जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवा आणि बाटली घातक कचऱ्यात द्या किंवा टीमकडे परत करा.

जखमेचा वास इतका येतो की कोणी खोलीत बसत नाही.

हा वास जखमेतल्या जंतूंचा असतो आणि तो बराच घालवता येतो. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ घाला, कोमट होऊ द्या. जुनी पट्टी त्या पाण्याने पूर्ण भिजवूनच काढा. कोरडी ओढली तर रक्त येतं. जखम त्याच पाण्याने धुवून मेट्रोनिडाझोलच्या गोळीची वस्त्रगाळ पूड भुरभुरतात. किती आणि कितीदा, ते नर्स दाखवते. रक्त येण्याची शक्यता असेल तर जवळ गडद लाल किंवा मरून टॉवेल ठेवा. पांढऱ्यावर वाटीभर रक्त बादलीभर वाटतं आणि पेशंट घाबरतो. खोलीत उदबत्ती नको, धापेच्या पेशंटला धूर बाधतो.

धाप लागली की ऑक्सिजन लावू का?

आधी उठवून बसवा. पुढे टेबलावर दोन उशा, त्यावर हात आणि डोकं टेकू द्या. खिडकी उघडा, छोटा पंखा थेट चेहऱ्यावर सोडा. गालाला लागणारी वाऱ्याची झुळूक मेंदूतली धापेची जाणीव खरोखर कमी करते. खोलीतली गर्दी कमी करा. छोट्या डोसमधलं मॉर्फिन धापेवरही चालतं. रक्तातला ऑक्सिजन घटलेला असेल, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९० टक्क्यांच्या खाली, तरच कॉन्सन्ट्रेटरचा, म्हणजे घरी ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राचा, फायदा. नाहीतर नाक-तोंड कोरडं पडतं आणि माणूस नळीला बांधला जातो.

खाणं बंद झालंय. सलाइन नाही लावलं तर उपाशी मारल्यासारखं नाही का होणार?

सगळ्यात जास्त रडवणारा प्रश्न हाच. आपल्याकडे माया ताटातून दाखवतात, त्यामुळे न खाणारी आई बघवत नाही. पण अखेरच्या दिवसांत शरीर स्वतःच अन्न नाकारतं. आजार वाढला म्हणून भूक जाते. भूक गेली म्हणून माणूस जातो असं नाही. त्या वेळी भुकेची वेदनाही फारशी नसते.

५०० मिलीच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. त्याने ताकद येत नाही. थकलेलं हृदय आणि किडनी ते पाणी बाहेर टाकू शकत नाहीत, मग पाय सुजतात, छातीत घरघर वाढते. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं असेल तर सलाइनचा उपयोग असतो, तेव्हा टीमच सांगेल.

जोवर गिळता येतं तोवर त्यांना आवडेल ते, पूर्ण बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, अर्ध्या-अर्ध्या चमच्याने द्या. मऊ वरणभात, श्रीखंडाचं बोट, बर्फाचा छोटा खडा. पथ्य आता सैल करा. पेंगत असताना काहीही भरवू नका, ते छातीत जातं. तोंड दर दोन-तीन तासांनी ओल्या बोळ्याने पुसा, ओठांना तूप किंवा व्हॅसलिन लावा. कोरड्या तोंडाचा त्रास भुकेपेक्षा खूप मोठा असतो.

गंगाजल आणि तुळशीपत्राचंही हेच. भान नसलेल्या माणसाच्या तोंडात चमच्याने गंगाजल ओतलं तर ते श्वासनळीत जाऊ शकतं. कापसाचा बोळा गंगाजलात बुडवून, पिळून ओठांवरून आणि जिभेवरून फिरवा. तुळशीचं पान ओठांवर ठेवा.

मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत, इथे फक्त आई-बाबा. कसं जमवायचं?

इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत हेच चित्र आहे. निर्णय घेणारं माणूस एकच ठरवा आणि सगळ्या भावंडांनी ते आत्ताच मान्य करा. नाहीतर ऐन वेळी परदेशातून फोन येतो, "आयसीयूत टाका", आणि आठवडाभर नीट चाललेलं सगळं उधळतं. आठवड्यातून एकदा टीमसोबत सगळ्यांचा व्हिडिओ कॉल ठेवा. घराची एक चावी शेजारी. रजा शेवटच्या दिवसासाठी जपून ठेवू नका. आई बोलू शकते आहे तोवर या.

सांभाळणारे बाबा स्वतः पंचाहत्तरीचे असतील तर त्यांच्या रात्रीच्या झोपेसाठी माणूस लावा. आधी रात्र, मग दिवस.

खर्च किती येतो? आयुष्मान कार्ड चालतं का?

आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचं संरक्षण आहे, आणि २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट नाही. घरच्या आयाचा पगार, डायपर, भाड्याचा पलंग त्यात येत नाही. धर्मादाय हॉस्पिस बहुधा पैसे घेत नाहीत किंवा जमेल तेवढे घेतात. पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा, त्यात संकोच नको.

हे इच्छामरण आहे का?

नाही. इंजेक्शन देऊन जीव घेणं भारतात गुन्हा आहे. हॉस्पिस मृत्यू घाईने आणत नाही आणि लांबवतही नाही. मुंबईच्या अरुणा शानबाग या वर्षानुवर्षं भान हरपून पडून असलेल्या परिचारिकेच्या प्रकरणात २०११ साली, आणि मग ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जीव नुसता लांबवणारे उपचार नाकारायला किंवा थांबवायला, ठरावीक पद्धतीने, मुभा दिली. शुद्धीत असताना तसं लिहून ठेवता येतं. २०२३ च्या बदलानंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीने बोलणाऱ्या जवळच्या माणसांची नावं त्यात घाला. आयसीयूत व्हेंटिलेटर लागल्यावर तो काढायला डॉक्टरांची दोन मंडळं बसावी लागतात, म्हणून हे आधी झालेलं बरं.

शेवटचे दिवस जवळ आले हे कसं ओळखायचं?

झोप वाढत जाते, लघवी कमी आणि गडद होते, हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते. श्वास भराभर चालतो, मग अर्धा मिनिट थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात घरघर होते. ऐकणाऱ्याला ती भयंकर वाटते, पण पेशंटला बहुधा तिची जाणीव नसते. कुशीवर वळवा. सक्शनची, म्हणजे कफ ओढायची, नळी घालून उलट त्रास होतो. घरघर कमी करणारी औषधं असतात, ती लवकर सुरू केली तर लागू पडतात. अचानक तगमग झाली तर आधी लघवी तुंबली आहे का आणि पोट साफ आहे का ते पाहा. कित्येकदा कारण एवढंच असतं.

ऐकू येणं बहुधा शेवटपर्यंत टिकतं. त्यांच्या उशाशी वाटणीचं बोलू नका. रोजचा हरिपाठ असेल तर तो म्हणा, हात हातात ठेवा.

या वेळी १०८ ला फोन केला तर गाडी दवाखान्यात नेणारच. घरीच ठेवायचं ठरलं असेल तर टीमचा नंबर दारामागे लावा आणि आधी तोच फिरवा.

घरी मृत्यू झाल्यावर काय करायचं?

वेळ लिहून ठेवा. घाई नको, थोडा वेळ जवळ बसा. आजाराने झालेल्या, अपेक्षित मृत्यूत पोलिसांना बोलवावं लागत नाही. पडून मार लागला असेल तर गोष्ट वेगळी. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्या, घरच्या मृत्यूला फॉर्म ४-ए असतो. मुक्तिधामची, म्हणजे स्मशानभूमीची, पावती आणि आधार कार्ड जपा. २१ दिवसांत नोंदणी केली तर फी लागत नाही.

पेसमेकर असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, अग्नी देण्यापूर्वी तो काढावा लागतो, नाहीतर फुटतो. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत. पंखा बंद करा, पापण्या मिटून ओला कापूस ठेवा, डोकं उशीवर थोडं उंच. बहुतेक कॅन्सरमध्ये नेत्रदान चालतं, रक्ताच्या कॅन्सरमध्ये नाही. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून संस्थेला परत करा.

नंतर तुमचा काही संबंध राहतो का?

हो. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, खरी पोकळी त्यानंतर येते. सांभाळणारी व्यक्ती कित्येक आठवडे रात्री दोन वाजता कूस बदलायला उठून बसते. समुपदेशक साधारण महिन्याने आणि मग वर्षश्राद्धाच्या सुमाराला फोन करतात. घरातल्या लहान मुलांना "आजी देवाघरी झोपली" असं सांगू नका, त्यांना झोपेचीच भीती बसते. "आजी वारली, ती परत येणार नाही" असं साध्या शब्दांत सांगा. सहा-आठ महिन्यांनीही झोप, जेवण, कामधंदा रुळावर नसेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर त्याच नंबरवर फोन करा. तो तुमच्यासाठीही आहे.